पाणी समितीतले दोन व्याही

गावातल्या पाणी समित्या कशा चालतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. विद्यापीठातल्या माझ्या गाईड मॅडमनी बजावलं होतं, की संशोधकानं नुसतं बघायचं, कशात पडायचं नाही. मी मान डोलावली, शहरात गारखेड्यातल्या माझ्या खोलीला कुलूप घातलं आणि देवगाव रंगारीच्या पुढच्या एका खेड्यात राहायला गेले.

समितीचे अध्यक्ष आणि सचिव एकमेकांचे व्याही. सचिवांची मुलगी अध्यक्षांची सून, आणि माझा मुक्कामही अध्यक्षांच्याच घरी. विहिरीवरची मोटार अध्यक्ष चालू करत आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला टाकीतून गावात पाणी सोडायचा वाल सचिव बंद करत. दोन्ही कामं बरोबर झाली तरच टाकी भरायची. अडचण एवढीच, की अध्यक्षांकडच्या एका साखरपुड्यात सचिवांना मानाचं टोपी-टॉवेल द्यायचं राहून गेलं होतं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. मोबाईल दोघांकडे होते, पण आधी फोन कोणी लावायचा?

पहिल्याच सकाळी मी अध्यक्षांना विचारलं, समितीत निर्णय कसे होतात. हेच विचारायला मी पुढे सचिवांकडे जाणार होते, तर मोटार लावल्याचं त्यांना सांगा, एवढंच ते म्हणाले. मी सांगितलं. सचिवांनी वाल फिरवला आणि उलटा निरोप दिला, की काल पाणी गढूळ आलं, अध्यक्ष झोपले होते का. हा निरोप मी जरा गोड करून पोचवला. पुढे मला त्याची इतकी सवय झाली, की समोरचा आताशा सुधारलाय असं दोघंही म्हणायला लागले.

मॅडमना मी फोनवर हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू समितीचा अभ्यास करतेस की समिती चालवतेस?"

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोप न्यायला नकार दिला. टाकी कोरडी राहिली आणि बायका हंडे घेऊन थेट माझ्याकडे आल्या. मी स्वयंपाकघरात सुनेला गाठलं. मी यायच्या आधी हे कसं चालायचं?

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मीच की रोज बापाला फोन लावायचे. तुम्ही आलात तवा म्हटलं, सुटले बाई. आता मी नाय परत त्यात पडायची."

बायकांनी मग दोघा व्याह्यांनाच टाकीपाशी बोलावून घेतलं. दोघं पाठमोरे उभे. अध्यक्ष मला म्हणाले, वाल कधी बंद होणार ते विचारा. सचिव मला म्हणाले, मोटार कधी लागणार ते विचारा. मी आपल्या चपलांकडे बघत राहिले. बायकांचे पदर तोंडाशी गेले.

शेवटी अध्यक्ष टाकीकडे तोंड करून म्हणाले, "पाव्हणं, वाल बंद करा. मी मोटार लावतो."

"लावा," सचिव म्हणाले.

समितीची एवढीच बैठक माझ्या प्रबंधात आहे. सभासद नसलेल्या बायकांनी ती बोलावली, हे मॅडमनी मला ठळक करून लिहायला लावलं.

त्या आठवड्याच्या बाजाराला सून माझ्याबरोबर जीपनं कन्नडला आली. सकाळच्या मोटारीच्या वेळी अशी बाहेर पडून लई दिवस झाले, म्हणाली. बांगड्या बघण्यात तिनं इतका वेळ लावला, की आमची परतीची जीप निघून गेली.