मावशीचा पिवळा नट

कुजक्या लाकडाकडे आमच्या मावशीइतक्या मायेने पाहणारं माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरं नसेल. जन्मभर तिने एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी जातात. ती एका डबीत कुजक्या लाकडावर वाढणारा पिवळा, चिकट, सावकाश सरपटणारा जीव, म्हणजे स्लाइम मोल्ड, घेऊन गुरुग्रामच्या चौदाव्या मजल्यावर राहायला आली. तो ओल्या अंधारात ओट्स खाऊन पसरतो. त्याला बुरशी म्हटलेलं तिला चालत नाही. माझ्या बायकोने एकदा म्हटलं, तर मावशीने हातातली गाळणी तशीच धरून अर्धा तास फरक समजावला. चहा गार झाला. बायकोला फरक अजून कळलेला नाही.

मध्यंतरी नोएडाच्या एका दिग्दर्शकाला शहर गिळणारा राक्षस हवा होता. कॉम्प्युटरवरचे राक्षस त्याला प्लास्टिकचे वाटायचे, म्हणून तो विचारत विचारत मावशीकडे पोचला. पाहुण्यांच्या खोलीत शूटिंग सुरू झालं. ट्रेमध्ये चायना ग्रासचे बोटभर टॉवर उभे राहिले, वर कॅमेरा, दर पाच मिनिटांनी एक फोटो. राक्षस डावीकडे वळायला हवा असला की मावशी डाव्या टॉवरमागे ओट्सचा एक दाणा ठेवायची. दिग्दर्शक पहिल्या दिवशी सवयीने ‘अॅक्शन’ म्हणाला. राक्षस दोन इंच सरकला तो दुसऱ्या दिवशी. त्या दिवसांत मी मुक्कामाला गेलो, तर मला सोफा मिळाला. “हळू बोल,” मावशी म्हणाली, “तो कामावर आहे.”

शेवटच्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, “आंटी, अब इसको जला देते हैं. क्लायमॅक्स है.”

मावशी दारात उभी राहिली. “जिंदा चाहिए तो मेरा है, बेटा. मरा हुआ चाहिए तो कंप्यूटर पे बना लो.”

“फिर पूरा सीन काटना पड़ेगा.”

“काट दो.” सहा आठवड्यांची मेहनत होती. तिचा आवाज जराही हलला नाही. ट्रे उचलून ती आत गेली आणि तिने कडी लावली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला: जाळायचं काम कॉम्प्युटर करेल.

सिनेमा बघायला मीच तिला घेऊन गेलो. पडद्यावर तो टॉवरांवरून पसरला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग सैन्याने त्याला पेटवलं आणि अख्खं थिएटर टाळ्या, शिट्ट्या वाजवायला लागलं. आपला घरी डबीत सुखरूप आहे, हे तिला माहीत होतं. तरी तिने माझी बाही घट्ट धरली.

परतताना टॅक्सीत ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, “तो काही शहर गिळत नव्हता रे. भूक लागली होती त्याला, एवढंच.”

मी तिचा हात हातात घेऊन बसून राहिलो.