आबांची घरगाडी आणि बिनवासाचं विष

मोखाड्याचा बाजार भरला होता, आमची घरगाडी कडेला उभी, जनरेटर चालू, मिक्सरमध्ये कैरीचं पन्हं फिरतंय... त्या आवाजात फोन वाजला तो मला ऐकूच आला नाय. एक जीपवाला गर्दीतून धावत आला आणि कानाशी ओरडला, "वहिनी, आबा गेले! दवाखान्यातनं तुमच्या घरवाल्याचा फोन हाय!" छातीत दुखतं म्हणून आबांना आठ दिवस जव्हारला ठेवलेलं, माझा घरवाला त्यांच्यापाशी होता. आणि मी काय केलं? आधी मिक्सर बंद केला, मग फ्रीज, मग पंखा. जनरेटर दोन मिनटं रिकामा चालू दिला, मग बंद केला. मग खाली बसली आणि रडली. बाजारातल्या बाया बोलल्या, सासरा मेला नि ही बटणं दाबते, दगडाची हाय का? काय सांगू त्यांना... आबांनीच शिकवलेलं, आधी त्याच्यावरचं वजन उतरव, मग त्याला झोपव. हात आपोआपच तसे चालले.

आबा म्हणजे माझे सासरे. ठाण्याला शूटिंगच्या गाड्यांवर जनरेटर सांभाळायचे. म्हातारपणी गावी आले ते भंगारातली शाळेची मिनीबस घेऊन! अख्खा पाडा बघायला जमला. आत खाट ठोकली, शेगडी बसवली, छोटा फ्रीज, दिवे, पंखा, आणि दाराशी बटणांचा फळा. भात झोडून झाला की पाऊस लागेपर्यंत आम्ही चौघं, आबा, घरवाला, मी आणि आमची आरोही, त्या गाडीतच राहायचो. बाजाराला मोखाडा, रविवारी शिरपामाळ. फिरायला येणाऱ्यांना नागलीची भाकर, चहा, पन्हं.

मला करंटची लय भीती. सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकली, पण बटण दाबायचं तर डोळे मिटून दाबायची. आबा हसायचे, "डोळे मिटून भाकर थापतेस का? मग?" एकदा मी फ्रीज चालू, मिक्सर चालू आणि वर पाणी तापवायचा रॉड पण लावला. जनरेटर असा कण्हायला लागला की मी पळत बाहेर! आबांनी रॉड काढला आणि शांतपणे विचारलं, "डोक्यावर दोन हंडे, काखेत पोर, वरनं मी लाकडाची मोळी दिली तर घेशील?"

"पडेन ना आबा!"

"मग त्याला का पाडतेस? त्याला बिचाऱ्याला बोलता नाय येत."

त्या दिवसापासून मला ते मशीन माणसासारखं वाटायला लागलं. एक काम झालं की दुसरं. ओल्या हाताने शिवायचं नाय. गरम असताना पेट्रोल ओतायचं नाय, आधी निवू द्यायचं. मी घडाघड बोलून दाखवायची आणि आबा मान डोलवायचे, जशी काय मी परीक्षा पास झाली!

पण एक गोष्ट मला कळलीच नव्हती. गेल्या साली दुपारी अवकाळी पाऊस आला. आबा आणि घरवाला बाजारात गेलेले. जनरेटर लांब उघड्यावर होता. भिजेल, जळेल, आबा रागावतील म्हणून मी तो ओढत आणला, गाडीच्या दाराशी ताडपत्रीखाली ठेवला, चालूच. पाण्याचे फवारे आत येत होते तर खिडक्या लावल्या. थोडा धूर आला. आला तर आला! माझ्या आईच्या घरात चूल दिवसभर पेटलेली, आम्ही सहा भावंडं त्या धुरातच वाढलो. धुराने कुणी मरतं का? मग डोकं दुखायला लागलं, मळमळलं... वाटलं, आडवं व्हावं. आरोही गाढ झोपलेली, गाल लालेलाल.

दार धाडकन उघडलं. आबांनी हातातली पिशवी चिखलात टाकली आणि पोरीला उचलून पावसात पळाले. मी लडखडत मागं, ओरडतेय, "आबा, भिजेल ती!"

"भिजू दे! भिजलेली पोर जगते!"

त्यांनी तिला हलवलं, पाठीवर चापट्या मारल्या... आणि आरोहीने जो भोंगा पसरला! इतका गोड आवाज मी आजपर्यंत ऐकला नाय. तसंच ओल्या कपड्यात जीपने दवाखान्यात गेलो. परत येताना आबा बोलले, "बाय, तुझ्या आईचं घर कुडाचं हाय. कारवीच्या काठ्यांच्या फटीफटीतनं ते श्वास घेतं. हा पत्रा श्वास घेत नाय. आणि या मशीनच्या धुरातलं जे मारतं, त्याला वास नाय, रंग नाय." मग हळूच बोलले, "ठाण्याला माझा जोडीदार असाच गाडीत झोपला. मी चहा घेऊन गेलो तो..." मला एक शब्द रागावले नाय.

आबांचं दिवसकार्य झालं तेव्हा घरवाला बोलला, जनरेटर विकून टाकू, आता तू आणि मीच, तू घाबरतेस. मी पण हो बोलली. खरंच घाबरत होती. शेवटचा एक रविवार करू म्हणून शिरपामाळला गेलो. तिथं शहरातली एक मोठी पांढरी घरगाडी उभी, पोरंबाळं घेऊन आलेली. वारा सुटलेला म्हणून काचा बंद, आणि जनरेटर अगदी खिडकीखाली चालू! माझ्या हातातली परात पडली. पळाली, दार बडवलं. बाई अर्धवट झोपेत डोकं धरून आली. "काही नकोय आम्हाला."

"विकायला नाय आली, ताई. पोरं कुठं?"

"झोपलीत."

"उठवा! आत्ता! बाहेर काढा!"

मागनं साहेब ओरडला, "कोण तू? ए, आत कुठे शिरतेस?" एक पोर काखेत, एक हाताला, ओढत गवतावर आणली. धाकटा भडाभडा ओकला, मग रडायला लागला. मी हसत होती का रडत होती, मला नाय माहीत! घरवाल्याने त्यांचं मशीन बंद केलं, सगळ्या काचा उघडल्या. मी साहेबाला सांगितलं, "आता सगळ्यांना घेऊन आधी दवाखान्यात जावा. आमची गाडी सोडते. आणि हे मशीन परत लावाल ते वीस-पंचवीस पावलं लांब, धूर तिकडं जाईल असं. पत्रा श्वास घेत नाय, साहेब." साहेबाने धाकट्याला उचलून घेतलं. घरवाला माझ्याकडं बघतच राहिला, त्यानंतर विकायचं नावच काढलं नाय त्याने.

गाडीत बसताना त्या बाईने माझे दोन्ही हात धरले. "हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"माझ्या सासऱ्यांनी. आबांनी."

"कुठे आहेत ते? पाया पडते मी त्यांच्या."

मी वळून बघितलं... आणि तोंडातून निघून गेलं, "आत्ताच तर इथं होते!"