शिंजिराची वाट

गॅलरीत एकही फूल माणसासाठी लावायचं नाही, अशी शपथ घेतलेला गृहस्थ अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं भाग्य. वारज्यात राहणारे हे मामा नर्सरीत गेले की रंग बघत नाहीत, वास घेत नाहीत, "याच्यावर येतं कोण?" एवढंच विचारतात. एकदा नर्सरीवाल्यानं "गिऱ्हाईक" असं उत्तर दिलं, तर मामा तितक्याच शांतपणे "त्यातलं एक आत्ता चाललं" म्हणून बाहेर पडले. मी त्यांच्या वाढदिवसाला हौसेनं भरगच्च पाकळ्यांची दुहेरी जास्वंद घेऊन गेलो होतो. त्यांनी फुलात बोट घालून पाहिलं आणि कुंडी माझ्याच हातात परत दिली. "जावईबापू, हा मांडव झाला, पण जेवणाचं काय? बिचाऱ्या मधमाशीनं आत शिरायचं कुठून?"

मामींना स्वतःच्या गॅलरीतला शेपू भाजीला कधी मिळाला नाही. तो फुलू द्यायचा, कारण त्याच्या फुलांवर ढालकिडे येतात आणि ते झाडांवरची मावा कीड खातात. लिंबाची पानं सुरवंटांनी कुरतडली की मामी फवारणीचं नाव काढायच्या, आणि मामा "अगं, फुलपाखराची पोरं ती, जेवू दे की" म्हणून आडवे यायचे. "या घरात किडा म्हणून आले असते, तर माझी जास्त विचारपूस झाली असती," असं मामी एकदा मला म्हणाल्या. मामांनी ते ऐकलं आणि मान डोलावली.

पण मामांचा खरा जीव शिंजिरात. चिमणीहून लहान, उन्हात जांभळा चमकणारा हा पक्षी फुलांतला मध पितो. अडुळसा, कोरांटी, एकेरी जास्वंद, सगळं त्याच्या वाकड्या चोचीचा विचार करून लावलेलं. त्यांची एकुलती एक मुलगी अमेरिकेत असते. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो, आणि ती कधीकधी खिडकीशी आलेल्या हमिंगबर्डचं चित्रण दाखवते. "हवेत तरंगत पितो होय?" मामा म्हणायचे. "आमचा शिंजीर फांदीवर बसून घेतो. आमच्याकडे बसून जेवायची पद्धत आहे." मुलगी खळखळून हसायची. फोन बंद झाला की मात्र मामींना हळूच विचारायचे, "तिला तो दिसतो, म्हणजे ती खिडकीशी एकटीच बसत असेल का गं?"

गेल्या डिसेंबरात ती येणार होती, बऱ्याच वर्षांनी. मामांनी पावसाळा संपायच्या आधीच छाटणी, खत असं सगळं तिच्या येण्याच्या हिशेबानं उरकलं. थंडी पडली तशी गॅलरी फुलून गेली, शिंजिराची जोडी रोज सकाळी हजेरी लावू लागली, आणि मुलीचा फोन आला की सुट्टी नामंजूर झाली. "नोकरी आहे, चालायचंच," असं म्हणून मामा झाडांना पाणी घालायला गेले. खालच्या मजल्यावरचे "अहो, आमच्याकडे पूर आलाय!" असं ओरडले, तेव्हा मामा किती वेळ एकाच कुंडीत पाणी सोडत उभे आहेत, हे घरात कळलं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी आणि बायको त्यांच्याकडेच होतो. मामांनी फोन कठड्यावर टेकवून कॅमेरा अडुळशाकडे वळवला. फूल नीट दिसावं म्हणून एका हातानं फांदी वाकवून धरली आणि कुजबुजले, "इथेच येतो. बघत राहा." मधमाश्या गुणगुणत होत्या. रोज न चुकता येणारा पक्षी त्या दिवशी काही केल्या येईना. मामा अगदी खजील झाले.

"आज काय झालंय कोण जाणे. तुझी झोपायची वेळ झाली असेल. ठेव तू आता."

"असू द्या, बाबा," ती म्हणाली. "मला तुमचा हात दिसतोय. थांबते मी."

मामांचा हात अवघडला होता, पण त्यांनी फांदी सोडली नाही.