उभं भात आणि आडव्या सासूबाई

माझ्या फोटोत माणूस नसतो. हा माझा नियम आहे आणि आमच्या सासूबाईंचा आक्षेप.

"एवढा महागाचा कॅमेरा गळ्यात घालून हा मनुष्य झाडंझुडपं काढत फिरतो," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. त्यांचे दुसरे जावई, म्हणजे माझे साडू, लग्नाचे फोटो काढतात. त्यांच्या प्रत्येक अल्बममध्ये सासूबाई असतात (एकदा तर पेढा खाताना, अख्खं पान भरून). माझ्या इतक्या वर्षांच्या कामात त्या एकदाच आल्या, तेही पदराचं नुसतं टोक, आणि ते मी नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकलं. हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे! (बायकोने.)

अशात एका बियाण्याच्या कंपनीच्या कॅलेंडरचं काम आलं. मुखपृष्ठावर पिकलेल्या भाताचं शेत हवं होतं. मी दोन फोटो पाठवले, दोन्ही परत आले. कंपनीचे साहेब फोनवर फार गोड बोलले.

"रविवार रात्रीपर्यंत तिसरा पाठवा. नाहीच जमलं तर काळजी करू नका, आम्ही आणखी एकांना विचारून ठेवलंय. तुमचे साडूच लागतात म्हणे!"

माझी झोपच उडाली. साडूचं कॅलेंडर सासूबाईंच्या स्वयंपाकघरात वर्षभर लटकणार, आणि मी जाईन तेव्हा त्याच्या खाली बसून पोहे खाणार? शक्यच नाही! मी ताबडतोब एक कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली. आत पलंग, शेगडी, बेसिन, खिडकीला पोपटांचे पडदे. म्हटलं दसरा-दिवाळीच्या मधले दिवस आहेत, जव्हार-मोखाड्याकडे भात पिवळं झालं असेल, शेताच्या बांधालाच गाडी लावू आणि उजाडताना फोटो घेऊ. एकटाच जाणार होतो. पण पलंग आहे म्हटल्यावर बायको, वंदना, निघाली. आणि बेसिन आहे म्हटल्यावर सासूबाई!

शनिवारी कल्याणहून निघालो. जव्हारजवळ शिरपामाळावर सासूबाईंनी शिवाजी महाराजांच्या स्मारकाला हात जोडले, मोखाड्याच्या बाजारात चटणीसाठी खुरासणी, म्हणजे कारळे, घेतली, आणि प्रत्येक वळणावर "इथं काढा की फोटो, इथं काय वाईट आहे?" असं विचारून माझं डोकं उठवलं. संध्याकाळी खोडाळ्याच्या पुढे एका वळणावर मात्र मी करकचून ब्रेक दाबला. (मागे बेसिनमधली भांडी सासूबाईंच्या मांडीवर आली.)

काय शेत होतं! रस्त्यापासून उतरत गेलेलं पिवळंधमक भात, पलीकडे उतारावर फुललेली खुरासणी, आणि त्याच्यामागे निळा डोंगर. बांधावर शेताचा मालक रावजी आणि त्याची म्हातारी आई बसली होती. प्रकाश गेला होता, फोटो आता सकाळीच निघणार होता, म्हणून मी धावत जाऊन विचारलं.

"दादा, हे शेत तुमचंच का?"

"आमचाच. उद्या कापायचा हाय."

"उद्या? अहो, थांबा! आम्ही आल्याशिवाय विळा लावू नका. आम्ही तिघंही उजाडायच्या आत इथं हजर राहतो!"

"तिघा?" रावजीने गाडीत डोकावून बायको मोजली, सासू मोजली. "तिघाय येनार?"

"तिघंही! शब्द देतो!"

"लय बरा झाला!" रावजी खूश होऊन आईकडे वळला. "आये, कल्यानची पाव्हनी येनार सकाली!"

आजीने उठून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझा हात हातात घेतला, तळवा अंगठ्याने दाबून बघितला आणि सोडून दिला. मला वाटलं, आशीर्वाद असेल.

"बघितलंस?" मी वंदनाला म्हणालो. "याला म्हणतात कलेची कदर. शहरात कुणी थांबलं असतं का माझ्यासाठी?"

सासूबाई पदर तोंडावर धरून खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. धूळ गेली असेल घशात, असं समजून मी पाणी दिलं.

रात्री बांधालाच गाडी लावून झोपलो. सकाळी उजाडलं तेव्हा धुकं एवढं, की मला माझा कॅमेराही दिसेना. बांधावर स्टँड लावून बसलो. हळूहळू पाड्यावरची माणसं येऊ लागली. दहा-बारा जण, बाया, बापे, सगळे हसतमुख.

"एवढे लोक आलेत फोटो बघायला!" मी म्हणालो.

"अहो, त्यांच्या हातात विळे आहेत," वंदना म्हणाली.

"शेतकऱ्याच्या हातात विळा नसेल तर काय असेल? चमचा?"

इतक्यात धुकं पातळ व्हायला लागलं. मला लेन्सवर लावायची एक काच हवी होती, ती गाडीत होती. धावत आत शिरलो आणि सवयीने सरकता दरवाजा धाडकन ओढून घेतला. तो आतून उघडत नाही, हे गाडीवाल्याने मला सांगितलं होतं. मी त्या वेळी पोपटांचे पडदे बघत होतो.

ओढला, ढकलला, लाथ मारली. दरवाजा ढिम्म. पुढे ड्रायव्हरकडे जायला मध्ये पलंगाची फळी. मोबाईल बाहेर स्टँडला अडकवलेला. मी पोपट बाजूला केले आणि खिडकीतून पाहिलं.

धुकं उठलं होतं. शेतावर असा काही सोनेरी उजेड पडला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उभ्या आयुष्यात मला असा उजेड मिळाला नव्हता. आणि त्या उजेडात, बरोबर मधोमध, लुगड्यासारखी साडी खोचून, हातात विळा घेऊन, सासूबाई शिरल्या!

त्यांच्यामागून वंदना. तिच्यामागून रावजी आणि सगळा पाडा. सपासप, सपासप! मी काचेवर दोन्ही हातांनी बडवलं. "थांबा! अहो, थांबा! माझं शेत!"

सासूबाईंनी मान वर करून पाहिलं आणि विळा हलवून मला टाटा केला. मी आणखी जोरात बडवलं. शेतातली सगळी माणसं उभी राहिली, सगळ्यांनी हात हलवले आणि दुप्पट जोमाने कापायला लागली. (उत्तेजन कुणाला नको असतं?)

अर्ध्याहून जास्त शेत आडवं झाल्यावर वंदना चहाची साखर न्यायला आली आणि तिने दरवाजा उघडला.

"तुम्ही इथं काय करताय? सगळे विचारतायत, तिसरा माणूस कुठाय!"

"शेत कापलं! तुम्ही माझं शेत कापलं!"

"मग? कालच म्हणालात ना, आम्ही तिघं येतो, आमच्याशिवाय सुरू करू नका? बिचारे थांबले होते हो आपल्यासाठी."

मी तरातरा शेतात गेलो. सासूबाईंनी शांतपणे एक मूठ कापून खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर मुरबाडकडचं, भातशेतीतलं.

"जावईबापू, याला सावड म्हणतात. आज आपण त्यांचं कापायचं, उद्या त्यांनी आपल्या कामाला यायचं. कापणीच्या आदल्या दिवशी बांधावर येऊन 'थांबा, आम्ही तिघं येतो' असं जो म्हणतो, तो सावडीला आला. दुसरं कशाला येईल?"

"म्हणजे तुम्हाला कालच कळलं होतं?"

"काल तिथल्या तिथं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके खुशीत होता! म्हटलं, कशाला मोडता घाला."

आता शब्द दिला होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. रावजीने विळा हातात दिला. मी वाकलो. दहा मुठी होतात न होतात तोच अंगठा कापला. आजीने मला ओळीच्या टोकाला पाठवलं. तिथं मी बांधावरून घसरलो. मग कापलेलं गोळा करायला लावलं, ते मी उलटसुलट ठेवलं. शेवटी आजीने मला आंब्याखाली बसवून कोंबड्या हाकायचं काम दिलं. कोंबड्याही माझ्याकडे बघून मगच पुढे जायच्या. वंदना मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढत होती. माझे जरा जास्तच काढले.

दुपारी नागलीची भाकर आणि सुकट खाऊन झाल्यावर आजी हिशेबाला बसली.

"तुमची सावड आली आमच्यावर. या बाईची एक. पोरीची एक. न् याची..." तिने माझ्या फडकं बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. "याची अर्धी."

"अर्धी तरी कशाला?" सासूबाई म्हणाल्या. खरं बोलायची संधी त्या कधीच सोडत नाहीत.

"तर आता तुमचा काम सांगा," आजी म्हणाली. "तुमी जानार कल्यानला. सावड अंगावं ठेवायची नाय. आजच फेडू."

मला खरोखर रडू आलं. म्हटलं, "आजी, माझं काम हेच होतं. हे उभं भात. त्याचा फोटो आज रात्रीपर्यंत पाठवला नाही, तर काम माझ्या साडूला जाणार."

रावजी तंबाखू मळता मळता थांबला. "साडूला?"

"साडूला."

"मला पन हाय एक," रावजी म्हणाला आणि तंबाखू तशीच चंचीत टाकून उभा राहिला. "मग करू ना उभा! त्यात काय?"

आणि खरंच, पाड्याने भात उभं केलं! प्रत्येकाने कापलेल्या भाताचा मोठा कवळा, म्हणजे कवेत मावेल एवढी जुडी, घ्यायचा, शेतात पालथं झोपायचं, आणि कवळा दोन्ही हातांनी डोक्यापुढे उभा धरायचा. मी कॅमेरा अगदी जमिनीलगत लावला. तिथून पाहिलं तर उभ्याच्या उभं शेत! मधोमध मोठी फट राहत होती, तिथं जास्त भात धरू शकेल असं खणखणीत माणूस हवं होतं. सगळ्यांचे डोळे सासूबाईंकडे वळले.

"मी? पालथी?" सासूबाई कडाडल्या.

"साडू, आई, साडू!" मी हात जोडले.

"ते पण माझेच जावई आहेत," असं म्हणत त्या आडव्या झाल्या.

ऊन तिरपं झालं, उजेड सकाळसारखाच सोन्याचा झाला. मी ओरडलो, "डोकं खाली! कुणी दिसता कामा नये!"

"दाना झडला तर या अर्ध्याचा पाव करीन!" डावीकडच्या भातातून आजी म्हणाली.

"जावईबापू, मला मुंग्या चावतायत!"

"हलू नका, आई! भात बोलत नसतं!"

"भाताला आई म्हणत नसतात!"

तेवढ्यात रस्त्यावर खोडाळ्याची जीप थांबली. आत-बाहेर लटकलेली सगळी माणसं शेताकडे बघायला लागली. ड्रायव्हरने हाक मारली, "कोन हरवला काय रं?"

"नाय!" भातातून रावजीचा आवाज आला. "सावड फेडतो!"

"बरा बरा," म्हणून ड्रायव्हर निघून गेला. त्याला पुढे काहीच विचारावंसं वाटलं नाही!

फोटो निघाला. आणि काय निघाला! भात, खुरासणी, डोंगर, वर एक ढगाची रेघ. माणसाचा मागमूस नाही. खोडाळ्यात रेंज मिळाल्याबरोबर मी तो पाठवला आणि जावई म्हणून ताठ मानेने गाडी कल्याणकडे हाकली. सासूबाई मागच्या पलंगावर बसून अंगावरचे भाताचे दाणे वेचत होत्या. आजीच्या सुनेने दिलेल्या पिशवीत टाकत होत्या, खीर करायला.

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला. सासूबाईंना ऐकू जावं म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"अप्रतिम! मुखपृष्ठ तुमचंच!"

मी सासूबाईंकडे असं पाहिलं, असं पाहिलं म्हणता! त्यांनीही, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदाच माझ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं.

"फक्त एकच आहे," साहेब म्हणाले. "एवढं पिकलेलं शेत, आणि त्यात एकही माणूस नाही हो! भकास वाटतं. पाच-सहा शेतकरी टाका ना कॉम्प्युटरवर. नाहीतर साडूंना सांगतो, त्यांच्याकडे माणसं पुष्कळ असतात."

"नको नको! टाकतो!" मी म्हणालो.

मग काय! शेतात ज्यांच्यावर "डोकं खाली" म्हणून ओरडलो होतो, त्यांनाच वंदनाच्या मोबाईलमधून एकेक करून काढलं आणि घरी बसून त्याच शेतात उभं केलं. रावजी आला, आजी आली, रावजीच्या मागून कापलेला अंगठा वर धरलेला मीही आलो. सासूबाई खुर्चीमागे उभ्या राहून देखरेख करत होत्या.

"मला जरा पुढं घ्या. अजून. हां, आता छान!" त्यांनी चष्मा पुसून पुन्हा नीट पाहिलं. "आणि ते कडेला तुम्ही दिसताय ना, जावईबापू, तिथं एखादा कवळा उभा करा."