थांबलेल्या शाफ्टचा निरोप

पालमच्या डाळ मिलवाल्या अप्पांइतकं चिकित्सक गिऱ्हाईक अख्ख्या परभणी जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. बेअरिंगचं दुकान माझं, पण ते आले की मीच गिऱ्हाईक वाटतो. जुनं बेअरिंग टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून ते एसटीतून उतरतात, माझी खुर्ची बळकावतात आणि नवं बेअरिंग कानाशी फिरवून "याला सर्दी झालीय" म्हणत परत करतात. एकदा वैतागून म्हणालो, सगळी खोकी तुम्हीच फोडा. फोडली की त्यांनी!

बायको गेली, मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला आणि अप्पांच्या डोक्यात सेन्सरवालं बेअरिंग शिरलं. मिलचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, किती वेगानं फिरतोय, फिरतोय की थांबलाय, हे ते आपणहून कळवतं. मी जागच्या जागी आकडा दाखवणारं, स्वस्तातलं सुचवलं.

"ह्ये सांगतंय कुनाला?"

तुम्हालाच, मी म्हणालो.

"मी तर तिथंच बसून हाय. मला काय सांगायचंय?"

शेवटी शाफ्ट थांबला की लांबच्या फोनवर निरोप धाडणारं महागडं घेतलं आणि नंबर मुलाचा टाकायला लावला.

बसवल्यावर मी बघायला गेलो. भर दुपारी अप्पांनी स्वतःच खटका बंद केला, फोन मांडीवर घेतला आणि मला गप्प बसवलं. मुलाचा फोन आला. पट्टा सरकला अशी खुशाल थाप मारून अप्पा त्याचं जेवणखाण, तब्येत, तिकडचा पाऊस विचारत बसले. मग हे रोजचंच झालं. पुढं मुलानं मला गळ घातली, काका, ऐन कामात निरोप येतात, ते तुमच्या नंबरवर घ्या. मी घेतले. अप्पांना सांगायचा धीर काही झाला नाही.

दुसऱ्या दुपारी निरोप माझ्याकडे आला. म्हातारा फोन धरून बसला असेल, म्हणून मीच लावला. मिल का थांबली, विचारलं.

"आता तुझ्याकडं यायलंय व्हय? बरं. तू दुकान बघ बाबा. मी न्हाई थांबवत आता."

तेव्हापासून दुपारचा निरोप बंद आहे. हंगाम सरलाय, मिलमध्ये तुरीचा दाणा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी फोनवर सेन्सरचा आकडा उघडून बघावं तर शाफ्ट फिरतोच आहे. थांबला तर मला त्रास होईल, म्हणून अप्पा तो रिकामाच फिरवत बसतात. मला दुपारी दुकानात करमत नाही.