आधी पाय बघणाऱ्या बाई

बाई माणसाकडे बघायच्या त्या खालून वर. आधी टाच, मग घोटा, मग गुडघा. त्यांची नजर चेहऱ्यापर्यंत पोचायची तोवर समोरचा माणूस पार अवघडून जायचा. आमच्या तळावर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, राम राम घातला. बाईंनी हात जोडले, पण नजर खालीच. म्हणाल्या, "नमस्कार. डाव्या पायावर भार जास्त देता तुम्ही." मालक वहाण काढून उलटीपालटी करून बघायला लागले. थोरल्या जाऊबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "ही बया पाव्हणी हाय का नाल ठोकायला आलीया?"

आम्ही आटपाडीकडची मेंढरं राखणारी माणसं. पावसाळा गावाकडं काढायचा आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन फलटणच्या बाजूला उतरायचं. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, रानमालक सांगतील तसं या रानातून त्या रानात जायचं, आणि तसंच पुढं खंडाळ्यापर्यंत. बिऱ्हाड घोड्यावर. मेंढरांमागं गडी आणि घोड्यामागं आम्ही बाया, डोक्यावर पाटी, काखेत कोकरू नाहीतर पोर. बाई पुण्याच्या कॉलेजात शिकवत होत्या. माणूस चार पायांवरून दोन पायांवर कसा उभा राहिला, याचा त्या शोध घेत होत्या. त्यांचं नाव आम्ही कधी घेतलं नाही. सगळे त्यांना पायाच्या बाई म्हणायचे.

त्यांनी सांगितलं, की फार फार पूर्वी, शेती नव्हती, विस्तव नव्हता, तेव्हाच्या बायका पोर घेऊन, खाणं घेऊन माळानं चालल्या असतील. आता ओझं आणि पोर घेऊन दिवसभर चालणारी माणसं राहिलीत कुठं? म्हणून त्या आमच्यामागं चालणार होत्या. मालकांनी विचारलं, "म्हंजी आमी माकडाचं पाव्हणं म्हणा की." बाई मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, "मीसुद्धा. आपण सगळे एकाच घरातले आहोत, फक्त घर फार जुनं आहे." ते उत्तर मालकांना इतकं आवडलं की पुढं दर रानमालकाला ते ऐकवत सुटले.

बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणूस आधी उभा राहिला, शहाणा फार नंतर झाला." डोकं मोठं व्हायच्या कितीतरी आधी पाय सरळ झाले, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत. जाऊबाई गड्यांच्या घोळक्याकडे बघून म्हणाल्या, "काईकाई जनं तर आजून उभीच हायती." बाईंना हे इतकं पटलं की चहाचा कप सांडला.

त्यांना शिकवायची हौस होती, पण समोर दिसेल त्या वस्तूवर. भाकरी थापताना माझी काठवट ओढून घेतली आणि म्हणाल्या, माकडाचं कमरेचं हाड फळीसारखं उंच असतं, आपलं या काठवटीसारखं पसरट. उभं राहिलं की पोटाचा, पोराचा भार पेलायला हवा ना. पण त्यामुळं बाळाची बाहेर यायची वाट अवघड झाली, म्हणून मेंढी बांधाला एकटी विते आणि बाईला दुसऱ्या बाईचा हात लागतो. मी विचारलं, मग उभं राहून मिळालं काय? बाई म्हणाल्या, "हात मोकळे झाले. ते कशासाठी, यावर आम्ही अजून भांडतोय. कुणी म्हणतं खाणं उचलून न्यायला. कुणी म्हणतं कमी दमून लांब जायला. मला वाटतं, मूल धरायला." आणि काठवट परत देताना कण्हत उठल्या. त्यांचेच गुडघे गेलेले होते. म्हणायच्या, उभं राहिल्याचं भाडं गुडघे भरतात.

मी माणसात बोलणारी बाई नाही. शाळेतसुद्धा उत्तर येत असून मान खाली घालायचे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि त्यानंतर पुस्तकातलं असं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. बाईंचं बरं होतं. मी गप्प बसले तर त्याही गप्प बसायच्या. उसाच्या खोडक्यांतून चालताना त्या दोनदा आपटल्या, तेव्हा मी हात दिला, आणि मग त्यांनी हात सोडलाच नाही. बाजरीची भाकरी मोडून खाताना त्या आपला पहिला तुकडा मला द्यायच्या. का, ते मी विचारलं नाही. मला सख्खी बहीण नाही. असती तर अशी असती, असं मला वाटायला लागलं होतं.

आमच्याकडं माळावर माणूस लांबून ओळखायचं ते चालीवरून. टेकावर मुंगीएवढं काही हललं तरी कळतं, दीर येतोय का परका येतोय. चेहरा दिसायच्या आत आधण ठेवून होतं. बाईंना हे कळलं तेव्हा त्या दिवसभर मला तेच विचारत राहिल्या. तुमची चाल कशावरून ओळखतात? जाऊबाईंनीच सांगितलं. लहानपणी घोड्यानं पाय दिला तेव्हापासून माझं उजवं पाऊल बाहेर पडतं, आणि चालता चालता, न थांबता, मी डाव्या खांद्यावरून मागं बघते. अख्ख्या मुलखात असं चालणारी मी एकटी.

मग बाईंनी आमचं चालणं टिपायचं ठरवलं. मी नको म्हणाले. फोटो काढायचा म्हटला तरी मी पदर ओढून घेते. बाईंनी समजूत घातली. त्यांनी आणलेले छोटे पांढरे गोळे घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, खांद्याला बांधायचे. यंत्रात फक्त गोळे दिसतात, बाई दिसत नाही. गडी रानात गेल्यावर त्यांनी स्वतः माझ्या अंगाला ते गोळे बांधले. लुगड्यावरून कमरेचं हाड चाचपताना म्हणाल्या, लाजू नका, मी तुमची बहीणच. नंतर त्यांनी पडद्यावर दाखवलं. काळ्यावर पांढरी टिंबं, आणि ती चालत होती. जाऊबाई भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "ही धाकटी. ही मी. ही शेजारच्या तळावरची म्हातारी." एकही चुकली नाही. बाई टाळ्या वाजवायला लागल्या. मी म्हणाले, बाई, मग लपलं कुठं? त्यांनी माझा हात धरला. "हे माझ्या कपाटाबाहेर जाणार नाही, ताई. शब्द देते."

त्या दिवशी मी त्यांना मागं बघण्याचं कारण सांगितलं. आमच्यात ते कुणी बोलत नाही. माझी थोरली मुलगी खंडाळ्याच्या वाटेवर माझ्यामागून चालत होती. गाडी आली. मी वळून बघितलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं. तेव्हापासून मान आपोआप वळते. मालकांनाही मी हे कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी सांगितलं, की दूर कुठल्या देशात, ज्वालामुखीच्या राखेवर, त्या फार जुन्या माणसांच्या पावलांचे ठसे सापडलेत. एकाच्या ठशात दुसऱ्यानं पाऊल टाकलेलं. आणि त्यातलं कुणीतरी जरा थांबून बाजूला वळून बघितल्यासारखं काहींना वाटतं. "का वळली असेल, हे मला आज कळलं," बाई म्हणाल्या. मला त्या वेळी बरं वाटलं. इतक्या जुन्या बाईचं आणि माझं दुःख एक असेल, हा विचार मी पुढं कितीतरी दिवस पाटीखाली डोक्यावर घेऊन चालले.

पुढच्या वर्षी बाईंनी आम्हाला त्यांचा सिनेमा बघायला साताऱ्याला बोलावलं. गाडी पाठवली. मोठा हॉल होता, शहरातली माणसं होती, आणि ज्यांच्यामागं बाई चालल्या होत्या ती आमच्या मुलखातली पाच-सहा बिऱ्हाडंही होती. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. मालकांनी नवा फेटा बांधला होता. अंधार झाला आणि समोर माळ दिसायला लागला. लांबून एक बाई चालत येत होती, खरी नव्हे, यंत्रात काढलेली. अंगभर केस, अंगावर सूत नाही, तोंड माकडासारखं पुढं आलेलं, कडेवर पोर. उजवं पाऊल बाहेर पडत होतं.

मागच्या रांगेतून कुणीतरी मालकांना ऐकू जाईल असं हसत म्हणालं, "आरं, ही तर आपल्या मेंढक्याची बायकू." मग बाया हसल्या, गडी हसले. वाईट हसले असंही नाही. माळावर माणूस ओळखला की हसतात तसं हसले. जाऊबाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला. मी माझा पदर पुढं ओढला, पण पडद्यावरच्या बाईला पदर नव्हता. तिची छाती, तिचं पोट सगळ्यांच्या समोर हलत होतं, आणि चालत मी होते.

मग तिनं न थांबता डाव्या खांद्यावरून मागं बघितलं. तेवढ्यात बाईंचा आवाज आला, माईकवरून, गोड. "ही आई मागे का बघते? कदाचित तिचं एक मूल मागे राहिलं होतं. ती वळली तेव्हा उशीर झाला होता." मालक उठले. वाकून, कुणाच्या पायाला धक्का लागू न देता बाहेर गेले. मी त्यांच्यामागं गेले नाही. मला सगळ्यांसमोर चालायचं नव्हतं.

दिवे लागल्यावर बाई धावत माझ्याकडं आल्या. त्यांना खरोखर आनंद झाला होता, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांच्या मनात खोट असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "ताई, किती बायकांची चाल माझ्याकडे होती. पण त्या पहिल्या आईला मी तुमचीच दिली." सगळे बाहेर जाईपर्यंत मी जागची उठले नाही. गाडीत मालक खिडकीकडे तोंड करून बसले. एवढंच म्हणाले, "मला न्हाई सांगितलंस कवा. तिला सांगितलंस."

नंतर रानारानात ते झालं. कुणी वाईट बोलत नव्हतं. पाणी आणायला निघाले की एखादी म्हणायची, "आली बघा पयली आई." आणि मी मागं बघते का, याची सगळे वाट बघायचे. म्हणून मी मागं बघायचं सोडलं. मान धरून ठेवायची, पुढं बघायचं. पहिल्यांदा मानेला रग लागायची, पुढं सवय झाली. मालकांशी आता मुलीविषयी बोलता आलं असतं. पण आमच्या दोघांच्या आधी ते भरल्या हॉलात बोलून झालं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला बाई फलटणच्या रानात आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. यावेळी त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं नाही, सरळ तोंडाकडे बघितलं, आणि रडल्या. खरं रडल्या. म्हणाल्या, चित्रातली चाल बदलून घेते, पुन्हा कुठंही दाखवणार नाही. मग म्हणाल्या, "पण ताई, चेहरा तुमचा नव्हता हो."

मी म्हणाले, "बाई, चेहरा हितं कोण बघतंय? तुमाला ठावं हुतं."

त्यांनी मान हलवली. हो, ठाऊक होतं. त्यांनी ते लपवलं नाही, आणि माझं मन जरा मऊ झालं. आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं? मी उठले आणि शेळीचं दूध आणायला पलीकडच्या बाभळीखाली गेले. परत येताना बघितलं तर बाईंचे डोळे पुसलेले होते आणि नजर माझ्या घोट्यावर होती. तिथून गुडघा, कंबर, मान.

"तुमची चाल बदललीय," त्या म्हणाल्या. आवाज वेगळाच होता, काठवट हातात घेतल्यावर यायचा तसा. "मागे बघत नाही तुम्ही. त्यामुळे खांदासुद्धा फिरत नाही. कधीपासून, ताई?" आणि हात पिशवीत गेला, मोबाइल बाहेर आला. "फक्त त्या बाभळीपर्यंत एकदा जाऊन याल? कुणालाही दाखवणार नाही. माझ्यापुरतं."

मी दुधाचा तांब्या खाली ठेवला आणि चुलीपाशी बसले. चहा केला, त्यांना दिला. त्यांनी तो घेतला, वाट बघितली, मोबाइल परत पिशवीत टाकला आणि निघाल्या. आमच्यात पाहुणा निघाला की रस्त्यापर्यंत सोबत जायची रीत आहे. दर वेळी मीच जायचे, त्यांची पिशवी माझ्या हातात असायची. थोडं पुढं जाऊन बाई थांबल्या आणि वळून उभ्या राहिल्या. मालक कोकरं बांधत होते. म्हणाले, "जा की, पोचीव त्यास्नी. कशाबी झाल्या तरी पाव्हण्या हायती."

मी राख सारली. भांडी जवळ ओढली आणि बसल्या जागी घासायला घेतली. बाई बराच वेळ उन्हात उभ्या होत्या. त्या रस्त्याला लागेपर्यंत मी उठले नाही.