हेझेलचे ढग

बर्नी गावातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत हेझेल टिमन्सला सगळे ढगवाली म्हणायचे. बाकीचे आराखड्यावर चौकटी काढत: इथं पत्ता भरा, इथं फोन लावा. काय करायचं ते चौकटीत. ते कसं व्हायला हवं, हे हेझेल शेजारी ढग काढून लिहायची. उन्हात दिसेल असं. रेंज गेली तरी चालेल असं. पटकन.

"पटकन म्हणजे किती?" कुणी विचारलं की ती नवऱ्याचं नाव घेऊन म्हणे, "आमचा नेव बूट चढवेपर्यंत."

आराखडा बदलो, कोड लिहून होवो, चाचणी लागो, बाई पेन घेऊन हजर. "माझा ढग कुठाय?"

"हेझेलबाई, तुमच्यापायी ऑफिसात छत्री आणावी लागते," मॅनेजर लॅकलन म्हणायचा.

"आण की. पण ढग पुसलास तर तंगडं मोडीन."

या खेपेचं अॅप गावोगावच्या स्वयंसेवक अँब्युलन्सवाल्यांना पेशंटची माहिती दाखवण्यासाठी होतं. तिचा नवरा नेव त्यातलाच. स्मिथटन गावी गाई पाळायचा आणि हाक आली की गाडी काढायचा. हेझेलचा जीव मात्र एकाच ढगात अडकलेला: 'परक्याला दिसू नये'. मागं तिलाच अँब्युलन्समधून न्यावं लागलं होतं, तेव्हा गाडीतला कागद पेट्रोलपंपावर कुणीतरी वाचला. सख्ख्या बहिणीला कळायच्या आधी तिच्या छातीतली गाठ अख्ख्या पबला कळली. म्हणून तिनं भांडून भांडून अॅपला मिनिटामिनिटाला आपोआप पडणारं कुलूप आणि हातभर पासवर्ड लावून घेतला होता.

अॅप पथकांच्या हाती द्यायच्या आधी नेवच्याच कुरणात चाचणी ठेवली. लॅकलन पेशंट होऊन ओल्या गवतात आडवा झाला. नेव धारा काढता काढता धावत आला, हात शेणानं माखलेले. बूट घालून झाले, तोवर स्क्रीनला कुलूप. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. अॅप बंदच पडलं.

"नेवकाका, मी मेलो का?" गवतातून आवाज आला.

"केव्हाच! माझ्या बायकोनं मारलं तुला."

सगळे हसले. हेझेलला हसू आलं नाही. तिच्याच एका ढगानं दुसऱ्याचा, 'पटकन'चा, गळा धरला होता, आणि गळा धरणारा तिचा सगळ्यात लाडका.

लॅकलन चड्डीवरचं शेण झाडत जवळ आला. अगदी हळू म्हणाला, "पुसायचा का?"

तिनं आराखडा उलगडून पेन काढलं, पण ढग पुसला नाही. दोन्ही ढगांमध्ये एक रेघ ओढली आणि रेघेवर तडजोड लिहिली: रस्ता, पत्ता, दुखणं काय ते कुलपाविना उघडावं, तेही पथकाच्याच फोनवर आणि काम संपेपर्यंतच. नाव आणि जुने आजार कुलपात राहावेत.

नेव खांद्यावरून वाचत होता. "अगं, पत्ता दिसला की घर कुणाचं ते मला कळतंच."

"तुला कळू दे. पबला नको."

"आणि माझ्या तोंडाला कुलूप?"

"ते मी लग्नातच लावलंय. चल, हात धू, पुन्हा बूट काढ. आता परत बघू."